रिपोर्ट एकीचा, प्रश्न सगळ्या घराचा: बडोद्यातील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

या कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे. नावं, वयं, व्यवसाय आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. आजार, चाचण्या आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी बडोद्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते. म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना माहिती आणि सल्ला देते. सुलभाताईंना अंडाशयाचा कर्करोग झाला, त्यांच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावर हे कुटुंब माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

सुलभाताई ५९ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. माहेर दांडिया बाजारातलं. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी कोकणातून आले आणि घराणं इथेच रुजलं. सासर कारेलीबागेत. यजमान काही वर्षांपूर्वी गेले. मुली दोन, मृण्मयी ३१ वर्षांची आणि ईशा २७ वर्षांची. थोरले भाऊ ६३ वर्षांचे, त्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. ते आजही माहेरच्या जुन्या घरात राहतात.

पोट फुगतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, ही तक्रार घेऊन सुलभाताई कितीतरी महिने पित्ताच्या गोळ्या खात होत्या. अंडाशयाचा कर्करोग असाच येतो, गाजावाजा न करता. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी होतं आणि दोन्ही अंडाशयांवर गाठी होत्या. आजार तिसऱ्या टप्प्यात पोचलेला. आधी किमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा किमो असं ठरलं.

किमोच्या एका फेरीत कॅन्सरतज्ज्ञांनी बीआरसीए तपासणी सुचवली. सल्ला अगदी योग्य होता. अंडाशयाचा नेहमी आढळणारा, अस्तराच्या पेशींतून होणारा कर्करोग असेल, तर घरात आधी कुणाला झालेला असो वा नसो, प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करावी असं आज मानतात. अशा रुग्णांपैकी साधारण १५ ते २० टक्के जणींत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांपैकी एकात जन्मजात बिघाड सापडतो, आणि सापडला तर उपचारही बदलतो.

रक्त घेतलं गेलं ते किमोच्या खुर्चीतच. उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून सुलभाताईंनी संमतिपत्रावर डाव्या हाताने सही केली. तीन पानांचा इंग्रजी फॉर्म. त्याच्या दुसऱ्या पानावर एक प्रश्न होता: निकाल नातेवाइकांना कळवायला तुमची संमती आहे का? पुढे दोन चौकोन, एक होकाराचा आणि एक नकाराचा. माझ्याकडे आलेल्या प्रतीत दोन्ही कोरे होते.

निकाल आला: बीआरसीए-२ मध्ये रोगकारक बदल.

घराण्याचा नकाशा

आमच्या कामात रिपोर्टच्या आधी वंशावळ येते. इथे ती रिपोर्टनंतर काढायची वेळ आली. सुलभाताईंना प्रत्येक डॉक्टरने एकच विचारलं होतं, "आईकडे कुणाला होता का?" आईकडे कुणालाच नव्हता, त्यामुळे केसपेपरवर "कौटुंबिक इतिहास नाही" असं लिहिलं गेलं. वास्तविक धाकटी बहीण कुंदा ४१व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडून दोन वर्षांत गेली होती. तिचं नाव कुणी विचारलं नाही आणि सुलभाताईंनीही काढलं नाही. बायकांचा आजार आईकडून येतो ही समजूत दवाखान्यातही इतकी पक्की आहे की वडिलांची बाजू कोरीच राहते.

अण्णांनी घरातला कुळवृत्तांत आणून दाखवला. कापडी बांधणीचा जाड ग्रंथ, घराण्याच्या सात-आठ पिढ्या, प्रत्येक मुलाचं शिक्षण, नोकरी, गाव, मुलंबाळं. मुलींच्या वाट्याला एकेक ओळ: नाव, आणि पुढे कुठल्या घराण्यात दिली ते. लग्न झालं की मुलगी त्या पानावरून नाहीशी होते. ती कधी गेली, कशाने गेली, तिला मुलं किती, यातलं काहीच नाही. वडिलांच्या बहिणीची, बेबीआत्याची, नोंद अशीच होती: "विवाह ग्वाल्हेर येथे."

मग फोन सुरू झाले. बेबीआत्या पन्नाशीत "पोटात पाणी होऊन" गेल्याचं ग्वाल्हेरच्या तिच्या सुनेने सांगितलं. खुद्द सुलभाताईंचे वडील ७४व्या वर्षी गेले. "लघवीचा त्रास होता, मग हाडांत पसरलं," इतकं अण्णांना आठवत होतं. प्रोस्टेटचा हाडांत पसरलेला कर्करोग, बहिणीच्या पोटात पाणी, एका मुलीला तरुणपणी स्तनाचा कर्करोग आणि दुसरीला अंडाशयाचा. कागदावर पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढून जोडल्यावर रेघ सरळ वडिलांच्या बाजूने वर जात होती.

बीआरसीए-२ हे जनुक १३व्या गुणसूत्रावर असतं. त्याची ओळख १९९५ मध्ये पटली. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडण्याच्या कामात हे जनुक असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर ती प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक पडत नाही. पुरुषांत प्रोस्टेट, स्वादुपिंड आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. म्हणजे अण्णांच्या बाबतीतही शक्यता निम्मी होती.

अडचण

सुलभाताईंना स्वतःला या निकालाचा थेट फायदा होता. ओलापारिबच्या वर्गातली औषधं नेमकी अशा पेशींवर चालतात, ज्यांची डीएनए दुरुस्तीची एक वाट आधीच बंद आहे. औषध दुसरी वाटही बंद करतं आणि कर्करोगाची पेशी मरते. पहिल्या उपचारानंतर ते चालू ठेवलं तर आजार परतायला बराच जास्त वेळ लागतो, हे २०१८ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं. त्यांच्या डॉक्टरांनी ते सुरूही केलं. इथवर कुणाचा वाद नव्हता.

प्रश्न मुलींचा होता. मृण्मयीचा साखरपुडा झालेला, लग्न माघात. सुलभाताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण हे व्याह्यांच्या कानावर जाता कामा नये." मृण्मयी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आई, मी निखिलपासून लपवून लग्न करणार नाही."

एका वाक्यात दोघींचे हक्क समोरासमोर आले. मृण्मयीच्या शरीराची माहिती मृण्मयीची. पण "मला धोका असू शकतो" हे निखिलला सांगायचं तर "आईला हा दोष आहे" हेही सांगावंच लागतं. ती माहिती मात्र सुलभाताईंची.

त्यात मृण्मयीकडे आधीच एक रिपोर्ट होता. तिच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये लाळेवरून केलेली जनुकीय तपासणी होती. गुळगुळीत कागदावर आहार, केस, झोप अशा डझनभर गोष्टींच्या रकान्यांत "स्तनाचा कर्करोग" हाही एक रकाना, आणि त्यापुढे हिरव्या ठिपक्यासह "लो रिस्क". अशा पॅकेजमध्ये जनुकातली मोजकी, सर्वसाधारण ठिकाणं तपासतात. बीआरसीए-२ हे दहा हजारांहून जास्त अक्षरांचं लांबलचक जनुक आहे आणि घराघरात त्यातला बिघाड वेगवेगळ्या जागी असतो. ज्या जागी सुलभाताईंचा बिघाड होता तिथे त्या तपासणीने पाहिलंच नव्हतं. मृण्मयीला हे पटायला वेळ लागला, आणि त्यात तिचा दोष नाही. असा हिरवा ठिपका छापणाऱ्यांनी खाली मोठ्या अक्षरांत लिहायला हवं की घरात कर्करोग असेल तर या रकान्यावर विसंबू नका.

अण्णांचं उत्तर सरळ होतं. "मला काही तपासायचं नाही आणि निकाल ऐकायचाही नाही. गार्गीचं लग्न व्हायचंय." गार्गी त्यांची मुलगी, २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. तिला ईशाकडून सगळं आधीच कळलं होतं आणि तिला तपासणी करून घ्यायची होती.

समोर असलेले पर्याय

मृण्मयीपुढे तीन वाटा होत्या. लग्नाआधी तपासणी करायची, लग्नानंतर करायची, किंवा न करता दोष आहे असं धरून स्तनांची काटेकोर नियमित तपासणी सुरू करायची. तिसरी वाट अनेकजणी विसरतात. दोष असण्याची शक्यता निम्मी असताना एमआरआय सुरू करायला जनुकाचा निकाल हातात असलाच पाहिजे असं नाही.

ईशाला "एकदाच सगळं बघून टाकू" म्हणून पंचवीस-तीस जनुकांचं मोठं पॅनेल करायचं होतं. मी ते करू नये म्हणून बराच आग्रह धरला. मोठ्या पॅनेलमध्ये असे बदल बऱ्याचदा निघतात ज्यांचा अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही. आपल्याकडे ते जास्त निघतात, कारण जगभरच्या नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती भरपूर आणि भारतीयांची तुटपुंजी आहे. "अर्थ न लागलेला बदल" या चार शब्दांवरून घाबरून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. असा बदल हा उपचाराचा आधार होऊच शकत नाही. पुढे माहिती साठते तसे त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. घरातला बिघाड नेमका माहीत असताना फक्त तेवढीच एक जागा तपासायची. खर्च पॅनेलच्या मानाने कितीतरी कमी आणि उत्तर स्वच्छ: आहे किंवा नाही.

हे स्वच्छ उत्तर मिळालं ते सुलभाताईंची तपासणी आधी झाली म्हणूनच. कुंदामावशी गेल्यावर जर निरोगी ईशाची तपासणी झाली असती आणि काही सापडलं नसतं, तर त्यावरून काहीच सांगता आलं नसतं. घरातला दोष भलत्याच जागी असू शकला असता. शक्यतो आजारी व्यक्तीचं रक्त आधी तपासा, हे मी प्रत्येक घराला पहिल्यांदा सांगते.

गार्गीचा प्रश्न सर्वात अवघड. तो पुढे घेते.

काय केलं

आधी आकडे समोर ठेवले. एका कागदावर शंभर गोल काढलेले असतात, त्यावर मी रंग भरून दाखवते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासानुसार बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या शंभरजणींपैकी ८० वर्षांच्या वयापर्यंत साधारण ६९ जणींना स्तनाचा आणि १७ जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो. भारतात सर्वसाधारणपणे २९ पैकी एका स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता धरतात. ईशा रंगवलेल्या गोलांकडे बघत होती, मृण्मयी न रंगवलेले ३१ मोजत होती. दोन्ही बरोबर होतं. अभ्यासातल्या स्त्रिया बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, म्हणून हे आकडे आपल्यासाठी अंदाज म्हणूनच घ्यायचे, हेही सांगितलं.

मग निखिलचा प्रश्न. मी सुलभाताईंशी एकटीने बोलले. त्यांची भीती लग्न मोडण्याची नव्हती, तसं झालं तर मृण्मयी सावरेल असं त्यांना वाटत होतं. "उद्या ईशाच्या स्थळांना हे आधी कळेल," ही भीती होती. बडोद्यातला मराठी समाज लहान. गणपतीत, हळदीकुंकवाला, मंडळाच्या कार्यक्रमात तीच घरं भेटतात. एका घरात बोललेलं दुसऱ्या घरात पोचायला वेळ लागत नाही. ही भीती अडाणी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

कायद्याची बाजूही मी समजावून सांगितली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्णाचं गुपित राखायचं असतं. न्यायालयाचा आदेश, ठरावीक व्यक्तीला असलेला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढेच अपवाद. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्हीच्या प्रकरणात नियोजित वधूला कळवणं गैर ठरवलं नाही, ते तिच्याच जिवाला धोका होता म्हणून. निखिलला मृण्मयीच्या जनुकापासून काहीच धोका नव्हता. त्यामुळे मी, डॉक्टर किंवा लॅब, कुणीही त्याला काही सांगण्याचा प्रश्नच येत नव्हता. सांगायचं की नाही हे मृण्मयीने ठरवायचं, आणि आईच्या आजाराबद्दल किती सांगायचं हे सुलभाताईंनी.

शेवटी सुलभाताईंनी एक मधला मार्ग मान्य केला. निखिलला सांगायचं, त्याच्या आईवडिलांना नाही, आणि त्यानेही त्यांना सांगायचं नाही. मृण्मयीने सयाजीबागेत त्याला भेटून सांगितलं. मी त्या भेटीत नव्हते आणि असायलाही नको होते. निखिलने लगेच होकार दिला नाही. काही आठवडे घेतले, माझ्याशी फोनवर बोलायची परवानगी मृण्मयीकडून मागितली आणि थेट विचारलं, "मुलांना होईल का?" मी सांगितलं: दोष जाण्याची शक्यता निम्मी, आजार होईलच असं नाही, आणि हवं असेल तर गर्भ रुजवण्यापूर्वी भ्रूणाची तपासणी करण्याचा पर्यायही आहे. माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याच्या चौकटीत करता येते. तो पर्याय घ्यावाच असं माझं मत नाही, आणि घेऊ नये असंही नाही. पन्नाशीत कदाचित होणाऱ्या आजारासाठी भ्रूण निवडावा का, यावर दोन शहाणी माणसं वेगवेगळं बोलू शकतात.

तपासणी लग्नाआधी झाली. मृण्मयीत दोष सापडला, ईशात नाही.

विम्याचं काम मात्र तपासणीआधी उरकून घेतलं. "आधी विमा घेऊ, मग रक्त देऊ" असं ईशा म्हणाली होती. अर्जात कौटुंबिक आजारांचा प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिलं तर पुढे दावा अडकतो. त्यामुळे दोघींनी आईचा आजार लिहूनच आरोग्यविमा घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आनुवंशिक आजारांना सरसकट वगळणं हा भेदभाव ठरवला, आणि त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना आरोग्यविम्यात तशी अट घालू नका असं कळवलं. पण जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध अमेरिकेत २००८ पासून जसा स्वतंत्र कायदा आहे तसा आपल्याकडे नाही. अमेरिकेच्या त्या कायद्यातही आयुर्विमा येत नाही.

गार्गीचा निर्णय

गार्गीची वेळ घेतली तेव्हाच मला पुढचं दिसत होतं. तिच्यात तोच दोष निघाला तर तो अण्णांकडूनच आला, यात शंका उरत नाही. म्हणजे ज्याने "मला कळवू नका" असं स्पष्ट सांगितलंय, त्याचा निकाल मुलीच्या रक्तातून लागणार.

न जाणण्याचा हक्क मी गंभीरपणे घेते. माणसाला आपल्या भविष्याची एखादी खिडकी बंद ठेवायची असेल तर ती उघडायचा अधिकार डॉक्टरला नाही. पण अण्णांचा हक्क राखण्यासाठी २९ वर्षांच्या मुलीला तपासणी नाकारायची, हेही मला मान्य नव्हतं. तिच्या वयात एमआरआय सुरू करायचा की नाही हे या उत्तरावर ठरणार होतं. वडिलांचा हक्क मुलीच्या शरीरावर चालत नाही, हे मी तिला सांगितलं. ते अण्णांना सांगायची गरज पडली नाही, कारण ते पुण्याला तिच्याकडे गेले तेव्हा तिनेच सांगितलं, "बाबा, मी तपासणी करणार. तुम्ही विचारलं नाहीत तर मी सांगणार नाही."

रक्त देण्याआधी दोन गोष्टी तिने लिहून दिल्या: निकाल फक्त तिच्या ईमेलवर, आणि घरच्या पत्त्यावर कुठलंही पाकीट नाही.

निकालात दोष निघाला.

आता अवघड भाग. अण्णांमध्ये हा दोष आहे हे गार्गीला आणि मला माहीत होतं, त्यांना माहीत नव्हतं. वय ६३. बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करावी असा सल्ला असतो, कारण या दोषाबरोबर येणारा प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा आक्रमक असतो. गप्प राहणं म्हणजे त्यांचा हक्क जपणं होतं आणि त्यांना अंधारात ठेवणंही होतं.

मार्ग गार्गीलाच सुचला. आजोबांना प्रोस्टेटचा कर्करोग होता, तो हाडांत पसरला होता, हे अण्णांनीच सांगितलेलं. वडिलांना तो आजार झालेल्या साठीतल्या माणसाने पीएसए करून घ्यावी, हे जनुकाचं नाव न घेताही खरं आहे. तिने त्यांना तेवढंच सांगितलं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि त्यांना गार्गीच्या निकालाची कल्पनाही नव्हती. अण्णांनी पीएसए करून घेतली. ठीक आली, आता दर वर्षी करतात.

ही पळवाट आहे का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या माहितीवर त्यांना योग्य सल्ला मिळाला. खोटं कुणी बोललं नाही. त्यांनी उद्या विचारलं तर गार्गी खरं सांगणार आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे. पण असा दुसरा आधार प्रत्येक घरात मिळत नाही. आजोबांना प्रोस्टेटऐवजी काहीच झालं नसतं तर काय केलं असतं, याचं इतकं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

परिणाम

मृण्मयीचं लग्न ठरल्याप्रमाणे माघात झालं. ती वर्षातून एकदा एमआरआय आणि त्यापासून सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करते. प्रतिबंधक स्तनशस्त्रक्रियेने स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे तिला माहीत आहे. सध्या तिला ती नको आहे. अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा विचार मुलं झाल्यावर, ४० ते ४५ या वयात करायचा असं ठरलंय. दरम्यान सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीवर भिस्त ठेवायची नाही, हेही तिला दोनदा सांगितलं, कारण या तपासण्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झालेले दिसलेले नाहीत. ती शस्त्रक्रिया धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी करते, पण पाळी एकदम थांबते, हाडांवर आणि झोपेवर परिणाम होतो. ३१व्या वर्षी हे सगळं ऐकून घेणं सोपं नसतं.

ईशाचा निकाल चांगला, आणि तीच सर्वात जास्त कोसळली. "ताईला का, मला का नाही," हे ती बोलून दाखवायची. दोष नसलेल्या भावंडांची पुढची वेळ बहुतेक दवाखाने ठेवतच नाहीत, निकाल चांगला म्हणून फाइल बंद. ईशाला मी तीनदा भेटले. तिचा धोका आता इतर कुठल्याही बाईइतकाच आहे, पण शून्य नाही, आणि चाळिशीनंतरची नेहमीची तपासणी तिलाही करायचीच आहे, हे तिच्या मनात उतरायला त्या भेटी लागल्या.

सुलभाताईंची ओलापारिबची गोळी सुरू आहे, मधे हिमोग्लोबिन उतरलं म्हणून मात्रा कमी करावी लागली. मृण्मयीच्या सासूबाईंना सगळं कळलं, ते निखिलकडून नाही. सुलभाताईंनीच एका संध्याकाळी सांगितलं.

काय वेगळं करता येईल

त्या संमतिपत्रावरचे दोन कोरे चौकोन मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. नातेवाइकांना कळवायचं का, कुणाला, कुणी, हा संवाद रक्त देण्याआधी व्हायला हवा. किमोच्या खुर्चीत, मळमळ चालू असताना, इंग्रजी फॉर्मवर तो होऊ शकत नाही. उपचारासाठी निकालाची घाई असते हे मान्य. पण निकाल यायला तीन-चार आठवडे लागतातच. नमुना घेण्याआधी अर्धा तास काढला तर उपचार लांबत नाहीत.

वंशावळीत वडिलांची बाजू तितक्याच बारकाईने विचारायला हवी, आणि "कॅन्सर होता का" असं न विचारता "कशाने गेले, तेव्हा काय त्रास होता" असं विचारायला हवं. बेबीआत्याच्या बाबतीत "कॅन्सर" हा शब्द घरात कुणी कधी उच्चारलाच नव्हता.

पुरुषांना पहिल्याच भेटीत बसवायला हवं. अण्णांना बहिणीबरोबर बोलावलं असतं, आणि हा दोष पुरुषांनाही त्रास देतो हे त्यांनी सुरुवातीलाच ऐकलं असतं, तर त्यांचा नकार कदाचित तसाच राहिला असता, पण तो निदान जाणून दिलेला नकार झाला असता. गार्गीच्या लग्नाचं कारण सांगितलं तरी, हा "बायकांचा आजार" समजूनच त्यांनी नकार दिला होता.

बेबीआत्याच्या मुलांना अजून कळवायचं होतं. अशा वेळी मी एक पानाचं पत्र लिहून देते. त्यात रुग्णाचं नाव नसतं. घराण्यात कुठला दोष सापडला, कुठली एकच जागा तपासायची, आणि इच्छा असेल तर कुठे जायचं, एवढंच असतं. सुलभाताईंनी ते मराठीत लिहून घेतलं आणि ग्वाल्हेरला पाठवलं. बरेच दिवस काही उत्तर नाही. मग त्याच सुनेला फोन केला तेव्हा कळलं की घरात मराठी बोलतात सगळे, पण पुढच्या पिढीची शाळा हिंदीत झाली, पत्र नीट वाचलंच गेलं नव्हतं. तेच पत्र हिंदीत पाठवलं. आत्याच्या एका नातीने तपासणीसाठी वेळ घेतली आहे. दोघा नातवांनी विचार करून सांगतो म्हटलंय.